पहिल्या कटाच्या आधी

गाण्याच्या व्हिडिओचं संकलन एका बाबतीत बाकीच्या संकलनाच्या अगदी उलट चालतं. लघुपट किंवा माहितीपट कापताना वेळ संकलकाच्या हातात असतो. एखादी शांतता तो लांबवतो, एखादं वाक्य गाळतो, दहा मिनिटांचा प्रसंग तीन मिनिटांवर आणतो. गाण्यात ही मुभा नाही. चार मिनिटांचं गाणं चार मिनिटांचंच राहणार. मुखडा कधी येतो, अंतरा कुठे संपतो, ढोलकी कुठे तुटते हे सगळं कॅमेरा सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं. संकलकाकडे उरतं ते इतकंच, की कोणत्या क्षणी प्रेक्षकाने काय पाहायचं. म्हणून या कामाची सुरुवात कापण्यापासून होत नाही. ती जुळवण्यापासून आणि नीट पाहण्यापासून होते, आणि विद्यार्थ्यांचे बहुतेक व्हिडिओ बिघडतात ते याच टप्प्यावर, पहिला कट मारण्याच्या आधी.

एक गट डोळ्यांसमोर आणू. पिंपळे गुरव, नवी सांगवी, कासारवाडी इथली पाच-सहा मुलं-मुली. कुणी कॉलेजात, कुणी डिप्लोमाला, एक जण चाकणच्या कंपनीत अप्रेंटिस. गाणं त्यांनीच लिहिलेलं, हलगी आणि ढोलकीवरचं. चित्रीकरण नटसम्राट निळू फुले रंगमंदिराच्या परिसरात, पवनेच्या काठावर, नाशिक फाट्याच्या दुमजली पुलाखाली आणि सगळे ज्याला डायनासोर गार्डन म्हणतात त्या राजमाता जिजाऊ उद्यानात. एक उसना कॅमेरा, दोन मोबाइल, एक ब्लूटूथ स्पीकर. अप्रेंटिस मुलाची दुसरी पाळी असल्यामुळे त्याचे सगळे शॉट सकाळचे आणि बाकीच्यांचे संध्याकाळचे. या पट्ट्यात असा गट शोधायला लांब जावं लागत नाही. रात्री लॅपटॉप उघडल्यावर त्यांचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो: ‘दादा, सॉफ्टवेअर कुठलं वापरू?’ या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, म्हणून आधी देऊन टाकतो. डाव्हिंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती या कामाला पुरून उरते. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: आधीच तयार असलेल्या गाण्याला चित्र जुळवायचं कसं?

गाणं आधी आणि चित्र नंतर ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. प्रभातच्या १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’त नटनट्या कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गात होत्या. वादक चौकटीबाहेर बसत, आणि आवाज व चित्र एकाच वेळी नोंदलं जाई. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये नितीन बोस यांनी ‘धूप छाँव’साठी गाणी आधी ध्वनिमुद्रित केली आणि नटांना त्यावर ओठ हलवायला लावले. तिथून पार्श्वगायन रुजलं, आणि आपल्या संकलकांसमोर एक नवं काम उभं राहिलं: आधीच तयार असलेल्या आवाजाला नंतर टिपलेलं चित्र चिकटवणं. अमेरिकेत एमटीव्ही १९८१ साली सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे हा प्रकार पंचेचाळीस वर्षं मुरलेला होता. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापुराहून पुण्याला आली. तिच्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट निघाली, तीच आजची एफटीआयआय. पिंपळे गुरवपासून ती दहा-बारा किलोमीटरवर आहे. तिथल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी गाणं जुळवण्याचं काम ३५ मिलिमीटरच्या फितीवर केलं. त्या फितीच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर चार मिनिटांच्या गाण्याला ३६० फूट फीत लागते. आवाजाची फीत वेगळी, पण छिद्रं तशीच. पाटीची टाळी ज्या चौकटीत मिटते तिथे चित्राच्या फितीवर एक खूण करायची, ‘ठक्’ जिथे ऐकू येतो तिथे आवाजाच्या फितीवर दुसरी, आणि दोन्ही खुणा समोरासमोर आणून दोन्ही फिती बरोबरीने पुढे सरकवायच्या. आजचं सॉफ्टवेअर हेच काम क्षणात करतं, पण त्यामागचा विचार तसूभरही बदललेला नाही.

आता आपल्या गटाकडे. संगणकाला हात लावण्याआधी एक गोष्ट पक्की हवी: गाणं अंतिम आहे ना? ऐकायला साधं वाटतं, पण सर्वांत जास्त रात्री याच एका कारणाने वाया जातात. चित्रीकरणाच्या दिवशी स्पीकरवर वाजली ती व्हॉट्सॲपवर आलेली प्रत. नंतर संगीत करणाऱ्या मित्राने लय जराशी चढवली, दुसऱ्या अंतऱ्याआधीचा हलगीचा तुकडा दोन आवर्तनांनी वाढवला. आता ओठ एका गाण्याचे आणि आवाज दुसऱ्या गाण्याचा. म्हणून चित्रीकरणात वाजलेली प्रत आणि अंतिम प्रत टाइमलाइनवर वरखाली ठेवून दोन्ही एकदम वाजवून पाहाव्यात. लय एकच असेल तर सुरुवात जुळल्यावर शेवटही जुळतो. सुरुवात जुळते आणि शेवटाकडे आवाज फाटत जातो, तेव्हा लय बदलली आहे असं समजावं, आणि संगीतवाल्याला जुन्या लयीवर परत यायला सांगावं. चित्र ताणून हे दुखणं बरं होत नाही. अंतिम प्रत वेव्ह फाइल म्हणून, ४८ किलोहर्ट्‌झवर घ्यावी, कारण व्हिडिओचं प्रमाण तेच आहे. एमपीथ्री करताना फाइलच्या तोंडाशी क्षणभराची शांतता चिकटते. एक चौकट इकडेतिकडे व्हायला तेवढी पुरते.

मग कार्डं उतरवणं. चांगल्या कॅमेऱ्यातलं फोरके चित्रण बऱ्याचदा सेकंदाला १०० मेगाबिट या दराने नोंदलं जातं. म्हणजे मिनिटाला ७५० मेगाबाइट. चार मिनिटांच्या गाण्याचे बारा टेक घेतले की ४८ मिनिटं होतात, आणि एका कॅमेऱ्याचे ३६ जीबी भरतात. हे सगळं एकाच पेनड्राइव्हवर टाकून कार्ड रिकामं करण्याचा मोह टाळावा. तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी, हा छायाचित्रकारांचा नियम विद्यार्थ्यांच्या खिशालाही परवडतो. एक प्रत लॅपटॉपवर, एक हार्डडिस्कवर, आणि तिसरी मैत्रिणीच्या घरच्या संगणकावर. फोल्डरला तारीख, जागा आणि कॅमेऱ्याचं नाव द्यावं. बरेच कॅमेरे कार्ड बदललं की क्लिपचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू करतात. सकाळची पहिली क्लिप आणि संध्याकाळची पहिली क्लिप एकाच नावाची निघते. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये गेल्या तर एक दुसरीला पुसून टाकते.

यानंतर चौकटींचा वेग. आपल्या विजेची वारंवारिता ५० हर्ट्‌झ आहे, त्यामुळे जुन्या चोकवरची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. सेकंदाला २५ चौकटी आणि एकपन्नासांश सेकंदाचा शटर ठेवला तर हा लुकलुकाट त्यात नेमका बसतो. मोबाइल मात्र सहसा ३० चौकटींवर चालतो आणि शटर आपल्या मर्जीने बदलतो. ट्यूबलाइटच्या उजेडात घेतलेल्या शॉटवरून काळे पट्टे सरकताना दिसतात ते यामुळेच. हे पट्टे संकलनात पूर्ण जात नाहीत, म्हणून असे शॉट आत्ताच वेगळे काढून ठेवावेत. मोबाइलची दुसरी खोड अधिक छुपी आहे. उजेड कमी झाला की तो चौकटींचा वेग थोडा उतरवतो, मग पुन्हा चढवतो. त्याचं ३० कधी २९ असतं, तर कधी त्याहूनही खाली. अशी क्लिप सुरुवातीला चोख जुळते आणि दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत ओठ घसरलेले असतात. हँडब्रेकसारख्या मोफत साधनातून तिचा वेग आधी स्थिर करून घ्यावा आणि मगच ती टाइमलाइनवर आणावी.

लॅपटॉप अडखळतो त्याचं कारणही याच पायरीवर समजून घ्यावं. मोबाइल आणि साधे कॅमेरे जागा वाचवण्यासाठी सगळ्या चौकटी पूर्ण साठवत नाहीत. मधूनमधून एक चौकट पूर्ण ठेवतात, आणि पुढच्या चौकटींचा फक्त आधीच्यापेक्षा काय बदललं एवढाच हिशोब ठेवतात. सलग पाहताना हे उत्तम चालतं. संकलक मात्र मागे-पुढे उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीला संगणकाला तो हिशोब नव्याने मांडावा लागतो. आठ जीबी रॅमवर फोरके चित्रण असं चालवणं म्हणजे छळ. उपाय म्हणजे प्रॉक्सी: त्याच क्लिपांच्या कमी आकाराच्या हलक्या प्रती. संकलन प्रॉक्सीवर करायचं आणि शेवटी सॉफ्टवेअर मूळ क्लिपा जागेवर आणतं. रात्री झोपताना प्रॉक्सी करायला लावल्या की सकाळी तयार.

आणि आता सिंक, म्हणजे चित्र गाण्याशी जुळवणं. सगळ्या तयारीचा गाभा हाच.

प्रत्येक कॅमेऱ्याने स्पीकरवर वाजणारं गाणं स्वतःच्या माइकवर नोंदलेलं असतं. त्याला स्क्रॅच म्हणतात. तो आवाज अंतिम व्हिडिओत कधीच येत नाही, पण त्याच्याशिवाय काम अडतं. सॉफ्टवेअर या स्क्रॅचच्या लहरी मूळ गाण्याच्या लहरींशी ताडून पाहतं आणि क्लिप जागेवर बसवतं. दहांतल्या आठ-नऊ क्लिपा अशा बसतात. उरलेल्या हाताने बसवाव्या लागतात, कारण पुलाखाली वाहनांचा गडगडाट असतो, कासारवाडीच्या बाजूने लोकल जाते, उद्यानात मुलांचा कल्ला असतो. टाळी वाजवलेली असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर गाणाऱ्याचे ओठ पाहावेत. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण उच्चारताना दोन्ही ओठ मिटतात. ओळीत असा वर्ण शोधायचा, ओठ पूर्ण मिटलेली चौकट पकडायची, आणि ती गाण्यातल्या त्या वर्णाच्या नेमक्या आधीच्या क्षणाशी आणायची. स्वरांवर सिंक करायला जाऊ नये. ‘आ’ म्हणताना तोंड बराच वेळ उघडं राहतं, तो नेमका कुठे सुरू झाला ते कळत नाही. मराठी मुळाक्षरांची ही वर्गवारी शाळेत घोकलेली असते. संकलनाच्या टेबलावर ती इतकी कामाला येते याचा मला फार आनंद वाटतो.

सॉफ्टवेअरने बसवलेल्या क्लिपांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. २५ च्या वेगात एक चौकट ४० मिलिसेकंदांची असते, आणि तेवढ्या वेळात ध्वनी जेमतेम पावणेचौदा मीटर कापतो. पवनेच्या काठावर स्पीकर गायिकेजवळ आहे आणि कॅमेरा २८ मीटर मागे, असं समजा. कॅमेऱ्याच्या माइकला गाणं दोन चौकटी उशिरा ऐकू येतं. सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे तो उशीर मोजतं, क्लिप दोन चौकटी अलीकडे ओढतं, आणि पडद्यावर ओठ आवाजाच्या पुढे धावतात. उलट स्पीकर कॅमेऱ्यापाशी आणि गायिका २८ मीटर लांब असेल, तर तिलाच गाणं उशिरा ऐकू येतं. तिचे ओठ मागे पडतात. पहिली चूक माणसाचं मन बरीचशी सोसतं, दुसरी सोसत नाही. दूरचा आवाज चित्रामागून पोहोचतो हा आपला रोजचा अनुभव आहे, पण आवाज आधी आणि कृती नंतर असं निसर्गात घडत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत हेच आकड्यांत मांडलं आहे: आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकाला कळू लागतं, मागे पडला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत तो जाणवत नाही. म्हणजे पुढे एक चौकट, मागे तीन. लांबून घेतलेला प्रत्येक शॉट म्हणून ओठ पाहून तपासायचा आणि हवा तर एकेक चौकट सरकवायचा.

स्लो मोशनचे शॉट जुळतात तो हिशोब वेगळा. सेकंदाला ५० चौकटी टिपून २५ च्या वेगाने दाखवल्या की हालचाल निम्म्या गतीने होते. ओठही निम्म्या गतीने हलतात. ते गाण्याशी जुळायला हवेत तर चित्रीकरणात गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं आणि गायिकेने त्या वेगात ओठ हलवायचे. पडद्यावर केस, ओढणी, पाणी सगळं तरंगतं आणि ओठ मात्र शब्दाला शब्द लागतात. हे आधी केलेलं नसेल तर त्या शॉटमध्ये ओठ दिसणार नाहीत असे तुकडेच वापरावेत.

सिंक झाल्यावर टाइमलाइन अशी दिसायला हवी: सर्वांत खाली गाणं, त्यावर प्रत्येक टेक स्वतंत्र ट्रॅकवर, पूर्ण लांबीचा, आपापल्या जागी. बारा टेक तर बारा मजले. अजून एकही कट नाही. इथे विद्यार्थ्यांचा हात शिवशिवतो, आणि नेमकं इथेच थांबायचं असतं.

कारण आता पाहायचं. एकेक मजला एकटा उघडून संपूर्ण गाणं, मध्ये न थांबता. पहिल्यांदा पाहताना जे वाटतं ते पुन्हा वाटत नाही. तिसऱ्या खेपेला डोळा सरावतो, आणि जिथे पहिल्यांदा अंगावर काटा आला तिथे आता फक्त फोकस बरा आहे की नाही तेवढंच दिसतं. म्हणून पहिल्या पाहण्यातच वही जवळ हवी. ‘टेक चार, दुसरा अंतरा, ती हसू दाबते’ एवढी नोंद पुरते. तांत्रिक दोष नंतरही सापडतात. वॉल्टर मर्च या अमेरिकन संकलकाने ‘इन द ब्लिंक ऑफ ॲन आय’ या पुस्तकात कट कुठे करावा याचे सहा निकष दिले आहेत आणि प्रत्येकाला वजनही. त्यात भावनेला ५१ टक्के, कथेला २३, लयीला १०, आणि उरलेले तीन अवकाशाशी संबंधित. बाकीचे पाच निकष एकत्र केले तरी भावनेच्या मागे पडावेत असंच हे वजन ठेवलेलं आहे. गाण्याच्या व्हिडिओत मी लयीला दहापेक्षा जास्त देईन, पण भावनेच्या वर कधीच नेणार नाही. मर्च कॅमेऱ्याच्या प्रत्येक मांडणीतून एखादी बोलकी चौकट छापून भिंतीवर लावत असत. आपल्या मुलांना प्रिंट काढायचीही गरज नाही. प्रत्येक टेकमधले दोन-तीन स्क्रीनशॉट घेऊन मोबाइलच्या गॅलरीत एका पानावर मांडले की चेहरे, रंग आणि उजेड शेजारीशेजारी दिसतात. अप्रेंटिस मुलाची सकाळ आणि बाकीच्यांची संध्याकाळ किती वेगळी आहे हे पहिल्यांदा तिथे कळतं. मग त्याला एका अंतऱ्यात स्वतंत्र जागा द्यायची की सगळ्यांमध्ये मिसळून रंग जुळवत बसायचं, हा निर्णय आत्ताच होऊ शकतो. मी स्वतंत्र जागा देईन. सकाळच्या पाळीच्या बसगाड्या आणि कोवळं ऊन त्या ओळींना वेगळा अर्थ देतात.

पाहून झाल्यावर गाण्यावर खुणा. इथे आपल्या तालाचं ज्ञान सॉफ्टवेअरहून मोलाचं ठरतं. केरव्याच्या आठ मात्रा, पहिलीवर सम, पाचवीवर खाली. मिनिटाला १०० मात्रा धरल्या तर २५ च्या वेगात एका मात्रेला १५ चौकटी येतात आणि एक आवर्तन १२० चौकटींत, म्हणजे ४.८ सेकंदांत पूर्ण होतं. सूत्र सोपं आहे: १५०० भागिले मिनिटाच्या मात्रा. लय १२० असेल तर साडेबारा चौकटी येतात, आणि अर्धी चौकट कापता येत नाही. मग एकदा बारा, एकदा तेरा असं चालावं लागतं. फक्त बारा-बाराने पुढे गेलं तर दहाव्या मात्रेला पाच चौकटींची चूक साचते. सगळ्या मात्रांवर खुणा करू नयेत. समेवर एका रंगाची, मुखड्याच्या आणि अंतऱ्याच्या तोंडाशी दुसऱ्या रंगाची, आणि जिथे वाद्यं थांबून फक्त आवाज उरतो तिथे तिसऱ्या. एवढ्या खुणा पुरे.

मात्रा दिसू लागल्या की प्रत्येक मात्रेवर कट करण्याची इच्छा होते. मोबाइलवरची बरीच ॲप हे आपोआप करूनही देतात. पाहणारा पंधरा सेकंदांत थकतो, कारण पुढचा कट कधी येणार हे त्याला आधीच कळलेलं असतं. ढोलकी वाजवणारा प्रत्येक मात्रेवर सारखा जोर देत नाही. कुठे राखतो, कुठे सोडतो, आणि म्हणून समेवर आलं की बरं वाटतं. कटाचंही तसंच. तीन आवर्तनं एक शॉट टिकू द्यावा, चौथ्या समेवर बदलावा. आणि कट समेच्या ठोक्यावर न करता एक-दोन चौकटी आधी करावा. नवं चित्र ओळखायला डोळ्याला जरा वेळ लागतो. तेवढी आघाडी दिली की ठोका आणि चित्र बरोबर पडल्यासारखे वाटतात.

आता कुठे पहिली जुळणी. ती करताना मी एक पद्धत आग्रहाने सांगतो. सर्वांत चांगला एकच टेक, गायिकेचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही कट न करता टाइमलाइनवर ठेवा आणि चार मिनिटं पाहा. हा तुमचा पाया. जिथे पाहताना लक्ष उडतं तिथेच दुसरं काहीतरी हवंय, बाकी ठिकाणी नको. लक्ष उडालेल्या जागा भरत जायच्या: कुठे हलगी, कुठे पूल, कुठे नदी. असं केलं की प्रत्येक कटाला कारण मिळतं. वरून सुरुवात करून, एकेका ओळीला एकेक सुंदर शॉट लावत खाली आलेली जुळणी पाहिली की शॉटच लक्षात राहतात, गाणं राहत नाही.

काही जागी लावायला काहीच सापडत नाही. तिथे काळी पाटी ठेवून त्यावर हवा तो शॉट शब्दांत लिहावा. उगाच जवळपासचा शॉट कोंबू नये, कारण आठवड्याने तोच बरा वाटू लागतो. ही जुळणी गटाला दाखवताना व्हॉट्सॲपवर पाठवू नये. तिथे व्हिडिओ दाबला जातो, आणि सगळे चित्राच्या गुळमुळीतपणावर बोलत बसतात. एकत्र बसून, मोठ्या पडद्यावर, आवाज चढवून दाखवावी. कुणी बोलण्याआधी ते कधी हलतात, कधी मोबाइलकडे पाहतात ते बघावं.

काळ्या पाट्यांची यादी म्हणजे राहिलेल्या चित्रीकरणाची यादी. आपल्या गटाच्या यादीत बहुधा हे असेल: हलगीवाल्याच्या हातांचा जवळचा शॉट, दुसऱ्या अंतऱ्यात गायिकेचा चेहरा, आणि नदीकाठचा माणसं नसलेला एक रुंद शॉट. हे पावसाआधी उरकावं. पावसात पवनेचं पाणी चढलं, गढूळलं की उन्हाळ्यात घेतलेल्या शॉटशी काठ जुळत नाही. उद्यानात परत जायचं असेल तर महापालिकेची परवानगी पुन्हा आधी काढावी. या वेळी मोबाइल घरी ठेवून एकाच कॅमेऱ्यावर २५ चौकटींत चित्रण करावं, स्पीकर गायिकेच्या पायाशी ठेवावा, आणि प्रत्येक टेकच्या आधी कॅमेऱ्यासमोर एक स्वच्छ टाळी वाजवावी.